इंग्रजांचं पळतं, आपलं चालतं

मागच्या दिवाळीत घरात नवे टॉवेल आले. वेष्टणावर धुण्याच्या सूचना चार भाषांत छापल्या होत्या आणि त्यात मराठीही होती, याचा आधी आनंद झाला. मग तिसरी सूचना वाचली : ‘पहिल्या धुण्यात रंग पळू शकतात.’ बायको म्हणाली, ‘‘पळून जातील कुठे? दाराला कडी आहे.’’ वरची इंग्रजी ओळ पाहिली तेव्हा उलगडा झाला. तिथे ‘रन’ हे क्रियापद होतं. अनुवाद करणाऱ्याने, मग तो माणूस असो की यंत्र, कोशातला पहिला अर्थ उचलून टॉवेलवर वाळत घातला होता. मराठीत कपड्याचा रंग जातो, उतरतो, सुटतो. चेहऱ्याचा असेल तर उडतो. पळत मात्र नाही.

इंग्रजीतला मजकूर मराठीत आणायचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. लांबलचक, घोटीव, लॅटिन वळणाच्या शब्दांनी मला कधी फारसं छळलं नाही. ‘फोटोसिंथेसिस’ एकदा कोशात पाहिला, प्रकाशसंश्लेषण मिळालं, विषय संपला. छळतात ते तीन-तीन अक्षरांचे किरकोळ शब्द. गेट, सेट, पुट, रन. इंग्रजी शिकणारं पोर पहिलीत शिकतं ते हे शब्द, आणि इंग्रजीचा प्राध्यापक निवृत्त होतो तरी त्याचे हे शब्द पुरते शिकून झालेले नसतात.

यातला सध्याचा पैलवान ‘रन’. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या संपादकांनी २०११च्या सुमारास या शब्दाची नोंद नव्याने लिहून काढली, तेव्हा नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ भरले. ‘रन’ हे नाम त्यात धरलेलं नाही. पीटर गिलिव्हर या संपादकाचे या एका शब्दापायी नऊ महिने गेले. त्याआधी बरीच दशकं हा मान ‘सेट’कडे होता. १९८९ साली निघालेल्या वीस खंडांच्या दुसऱ्या आवृत्तीत ‘सेट’ या क्रियापदाचे ४३० अर्थ होते आणि ती नोंद साठ हजार शब्दांच्या घरात गेली होती. साठ हजार शब्दांची कादंबरी आपल्याकडे चांगली जाडजूड मानतात. पुढे कोशाची नवी आवृत्ती तयार होऊ लागली, २००० साली ‘मेक’ने ‘सेट’ला मागे टाकलं, २००७मध्ये ‘पुट’ने ‘मेक’ला, आणि मग ‘रन’ सगळ्यांच्या पुढे गेला.

या बातमीवर सायमन विंचेस्टर यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये एक लेख लिहिला होता. विंचेस्टर म्हणजे ऑक्सफर्ड कोशाच्या जन्मकथेवर दोन पुस्तकं लिहिणारा माणूस. त्यांचं म्हणणं साधारण असं, की ‘सेट’ हा बसलेला, स्थिर शब्द आणि ‘रन’ हा चळवळ्या; यंत्रयुग आलं, सगळं पळू लागलं, म्हणून शब्दही पळाला. कल्पना देखणी आहे, पण मला ती पुरती पटत नाही. ४३० हा आकडा १९८९च्या पुस्तकातला, म्हणजे बराचसा विसाव्या शतकाच्या आरंभी केलेल्या मोजणीतला. ६४५ हा २०११चा, संगणकावर लाखो उताऱ्यांत शोध घेता येऊ लागल्यानंतरचा. एकाची उंची जुन्या गजाने मोजायची, दुसऱ्याची नव्या टेपने, आणि उंच कोण ते जाहीर करायचं, असा तो प्रकार आहे. यंत्रांमुळे ‘रन’चे अर्थ वाढले हे मात्र खरं. इंजिन, गिरणी, मोटार, सिनेमा, प्रोग्राम यांनी एकेका पिढीत त्याला नवं काम दिलं.

या किरकोळ शब्दांचा त्रास कोशकारांना नवा नाही. डॉ. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ साली आपला कोश काढला, त्यात सुमारे ४३ हजार शब्द होते. त्यातल्या एकट्या ‘टेक’चे त्याने १३४ अर्थ दिले आणि पाच पानं खर्ची घातली. प्रस्तावनेत त्याने अशा क्रियापदांची नावं घेऊन तक्रार केली आहे. ‘पुट’, ‘सेट’, ‘गो’, ‘रन’, ‘मेक’, ‘टेक’ सगळी त्या यादीत आहेत. इतक्या सैल, इतक्या पसरट शब्दांना बांधायचं कसं, असा त्याचा सूर. जॉन्सनसारखा फटकळ आणि आत्मविश्वासाचा माणूस हात टेकतो तो इथे.

मुळात ‘रन’चा अर्थ काय होता? जुन्या इंग्रजीत त्याचं रूप ‘रिनन’च्या जवळचं होतं आणि त्यात पळणं आणि वाहणं ही दोन्ही कामं एकत्र नांदत होती. जर्मनने पुढे या दोघांची वाटणी केली. त्या भाषेत ‘रिनेन’ म्हणजे पाण्याने वाहणं, झिरपणं आणि ‘रेनेन’ म्हणजे माणसाने धावणं. इंग्रजीने वाटणी न करता एकाच शब्दाकडे दोन्ही जमिनी ठेवल्या. म्हणून इंग्रजीत नदी ‘रन’ होते, नळ ‘रन’ होतो, सर्दी झालेल्या पोराचं नाक ‘रन’ होतं आणि टॉवेलचा रंगही. चीज करताना दुधात जे ‘रेनेट’ घालतात ते याच कुळातलं. त्याने दुधाचे कण एकमेकांकडे धाव घेतात आणि दूध गोठतं. टॉवेलवरचा रंग आणि चीजमधलं दूध हे एका शब्दाचे नातलग आहेत, हे अनुवादकाला सुचलं नाही तर त्याला फार दोष देता येत नाही.

एकदा वाहणं हातात आलं की पुढची साखळी आपोआप लागत जाते. पाणी वाहतं तसा रस्ता डोंगराकडेने ‘रन’ होतो. रस्ता जागचा हलत नाही, हलते ती आपली नजर. (मराठीत रस्ता ‘जातो’, सह्याद्री ‘पसरतो’. आपणही तीच चलाखी करतो, फक्त वेग कमी ठेवतो.) रस्ता जागेत लांबतो तसं नाटक काळात लांबतं, म्हणून नाटक शंभर प्रयोग ‘रन’ होतं. काळात चालू राहणारी गोष्ट म्हणजे करार, तोही पाच वर्षं ‘रन’ होतो. पिढ्यांमधून चालत आलेली गोष्ट म्हणजे टक्कल किंवा तापटपणा, तो घराण्यात ‘रन’ होतो. यंत्राचं चाक फिरतं, यंत्र ‘रन’ होतं. मग ते यंत्र फिरवणारा माणूस ते ‘रन’ करतो, आणि गिरणी ‘रन’ करणारा उद्या नगरपालिका ‘रन’ करतो. कुठल्याही दोन शेजारच्या कड्या पाहा, नातं स्पष्ट दिसतं. पहिली आणि शेवटची कडी शेजारी ठेवली तर ओळखही पटत नाही. गळणारं नाक आणि नगरपालिका यांचं नातं कोणाला सांगता येईल? (सांगता येईल म्हणा, पण ते इथे नको.)

मिशेल ब्रेआल या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने १८९७ साली अर्थविचारावर पुस्तक लिहिलं आणि या प्रकाराला ‘पॉलिसेमी’ असं नाव रूढ केलं. आपण त्याला अनेकार्थता म्हणतो. त्याचं निरीक्षण साधं होतं. शब्दाला नवा अर्थ फुटला म्हणून जुना मरत नाही. दोघे एका घरात राहतात आणि बोलणाऱ्याचा गोंधळही होत नाही, कारण वाक्यात एका वेळी एकच बाहेर येतो. जॉर्ज झिफ या अमेरिकी अभ्यासकाने १९४५ साली याला गणित जोडलं. जो शब्द जितका अधिक वापरात, तितके त्याचे अर्थ अधिक, आणि अर्थांची संख्या साधारणपणे वापराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे एखादा शब्द दुसऱ्यापेक्षा शंभरपट वापरला जात असेल, तर त्याचे अर्थ दहापट असावेत. जास्त राबणाऱ्या माणसावर आणखी काम लादलं जातं, हा कचेरीतला नियम भाषेतही आहे.

पण अर्थ मोजणार कसे? प्रिन्स्टन विद्यापीठात जॉर्ज मिलर यांनी १९८५ साली ‘वर्डनेट’ या संगणकी शब्दजाळ्याचं काम सुरू केलं. त्यात ‘रन’ या क्रियापदाचे ४१ अर्थ आहेत आणि नामाचे १६. ऑक्सफर्डचे ६४५ कुठे आणि हे ४१ कुठे! खोटं कोणीच बोलत नाही. ऑक्सफर्ड कोश इतिहास लिहितो, हजार वर्षांतला प्रत्येक वळसा नोंदवतो, मेलेले अर्थही जपतो. शिवाय पुढे ‘आउट’, ‘डाउन’, ‘ओव्हर’ लागून झालेले जोडशब्द त्याच नोंदीच्या पोटात घेतो. वर्डनेटला संगणकापुरतं काम भागवायचं होतं. माझ्या मुलीच्या शाळेच्या कोशात अकरा अर्थ आहेत आणि तिचं त्यावर छान भागतं. ॲडम किलगॅरिफ या इंग्रज कोशतज्ज्ञाने तर १९९७ साली शब्दाचे सुटे, मोजता येण्याजोगे अर्थ असतात यावर आपला विश्वास नाही, अशा मथळ्याचा निबंधच प्रसिद्ध केला. आयुष्यभर शब्दांचे अर्थ वेगळे करणाऱ्या माणसाने हे म्हणावं यात गंमत आहे. त्याचा मुद्दा असा, की अर्थ हे वापराचे गठ्ठे आहेत आणि गठ्ठा किती मोठा बांधायचा ते बांधणाऱ्याच्या गरजेवर ठरतं. मला हा निकाल मान्य आहे. ६४५ हा आकडा ‘रन’बद्दल थोडं सांगतो, ऑक्सफर्डच्या सुताच्या बारीकपणाबद्दल जास्त.

शिवाय एकाच अक्षरांखाली दोन वेगळे शब्द राहत असतील तर मोजणी आणखी फसते. ‘सेट’चंच पाहा. ठेवणं, बसवणं हे क्रियापद अस्सल जर्मानिक. पण पुस्तकांचा सेट, कपबशांचा सेट यातला ‘सेट’ फ्रेंचमधून आला, मूळ लॅटिन ‘सेक्टा’, म्हणजे पंथ. तो आला आणि घरच्या ‘सेट’मध्ये असा मिसळला की आता सख्खा-सावत्र ओळखू येत नाही. मराठीत ‘पळ’ म्हणजे धूम ठोकणं आणि ‘पळ’ म्हणजे चोवीस सेकंद. कोशकाराने यांच्या दोन नोंदी कराव्यात की एक?

इंग्रजी भाषाही सगळीकडे एका चालीने पळत नाही. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीत ‘रन’ करतो. इंग्लंडमध्ये तो ‘स्टँड’ करतो. अमेरिकी बाईच्या लांब मोज्याचा धागा सुटला तर ‘रन’ गेला म्हणतात, इंग्लंडमध्ये तिथे ‘लॅडर’, म्हणजे शिडी, दिसते. निवडणुकीत आपण इंग्लंडच्या बाजूचे. आपला उमेदवार उभा राहतो. मग त्याला कोणी तरी बसवतो. बसला नाही तर पाडतात. उभं राहणं, बसणं आणि पडणं एवढ्या तीन क्रियापदांत इथली अख्खी स्थानिक निवडणूक सांगून होते. धावण्याची गरज लागत नाही.

क्रिकेटमधला ‘रन’ आपल्याला सर्वांत जवळचा. अठराव्या शतकात इंग्लंडच्या खेड्यांत काठीवर खाच पाडून धावा मोजत, म्हणून धावेला ‘नॉच’, म्हणजे खाच, म्हणायचे. नंतर मोजणीच्या खुणेऐवजी प्रत्यक्ष धावण्याचं नाव रूढ झालं. मराठीने ‘धाव’ हा शब्द घेतला आणि त्यातून कुटुंबच वाढवलं : धावसंख्या, धावफलक, धावगती, धावबाद, धावचीत. आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांनी मराठीतून सामन्यांचं धावतं वर्णन केलं, आणि ‘धावतं’ हे विशेषण इंग्रजी ‘रनिंग’चं असूनही इतकं मराठी झालं की धावती भेट, धावता आढावा, धावता दौरा आता कोणाला खटकत नाहीत. बॅट्समनने चौकार मारला की त्याला धावावं लागत नाही, तरी त्याच्या नावावर चार धावा लागतात. मूळ अर्थ निघून गेला, नाव मागे राहिलं.

आता पर्यायशब्दांकडे. एका शब्दाचे सहाशे अर्थ असतील तर त्याला समानार्थी शब्द किती असावेत? पीटर मार्क रॉजे या इंग्रज डॉक्टरने १८५२ साली, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, आपला ‘थिसॉरस’ प्रसिद्ध केला. रॉयल सोसायटीचा सचिव राहिलेला, गणनपट्टीत सुधारणा करणारा हा माणूस. त्याने शब्द अकारविल्हे न लावता कल्पनांच्या हजार खणांत लावले. आधी कल्पना शोधा, मग तिथे जमलेले शब्द पाहा. हे आपल्याला ओळखीचं वाटेल, कारण अमरसिंहाने नामलिंगानुशासनात, म्हणजे अमरकोशात, हेच केलं होतं : स्वर्गवर्ग, भूमिवर्ग, वनौषधिवर्ग. गंमत म्हणजे रॉजेला ते ठाऊकही होतं. प्रस्तावनेच्या तळटिपेत त्याने अमरकोशाचा आणि कोलब्रुकने केलेल्या, बंगालमधल्या श्रीरामपूरला १८०८ साली छापलेल्या भाषांतराचा उल्लेख केला आहे. आणि पुढे म्हटलं आहे की त्यातली मांडणी, विशेषतः अमूर्त कल्पनांची, सदोष आणि गोंधळाची आहे. पाठ करण्यासाठी श्लोकबद्ध केलेल्या ग्रंथाकडून टेबलावर उघडून ठेवायच्या पुस्तकाची अपेक्षा करणं, हा रॉजेचा गोंधळ. अमरसिंहाला अनेकार्थी शब्दांचा प्रश्न नीट कळला होता. तिसऱ्या कांडात त्यासाठी वेगळा नानार्थवर्गच आहे. तिथे एकट्या ‘हरि’चे अर्थ यम, वारा, इंद्र, चंद्र, सूर्य, विष्णू, सिंह, किरण, घोडा, पोपट, साप, माकड, बेडूक आणि वर पिंगट रंग. चौदा.

रॉजेचं पुस्तक आज घरोघरी आहे आणि संगणकात तर बोटाच्या टोकावर. पण त्याने एक समजही पसरवला, की समानार्थी शब्द म्हणजे एकाच्या जागी दुसरा बसवता येणारे सुटे भाग. तसं कधी नसतं. ‘रन’च्या पुढे कोश ‘स्प्रिंट’, ‘जॉग’, ‘डॅश’, ‘बोल्ट’, ‘फ्ली’ अशी रांग लावतो. ‘जॉग’ करणारा तब्येतीसाठी पळतो, ‘बोल्ट’ करणारा बिथरून आणि ‘फ्ली’ करणारा जिवाच्या भीतीने. नदी यातलं काहीच करत नाही. दुकान ‘स्प्रिंट’ करता येत नाही. पर्यायशब्द संपूर्ण शब्दाला नसतो, त्याच्या एका अर्थाला असतो, आणि तिथेही थोडा सैलच बसतो.

मराठीत याचा सर्वांत चांगला दाखला ‘पळणे’ आणि ‘धावणे’. शाळेत हे समानार्थी म्हणून शिकवतात, परीक्षेत गुणही मिळतात. पण मदतीला आपण धावून जातो, पळून जात नाही. मुलगी घरच्यांना न सांगता लग्न करते तेव्हा ती पळून जाते. धावून गेली म्हटलं तर कोणाला तरी मारायला गेली असं वाटेल. कुत्रं अंगावर धावतं आणि काठी दाखवली की पळतं. भक्त देवाचा धावा करतो, चोर पोबारा करतो. दुसऱ्या बाजीरावाला लोकांनी ‘पळपुटा’ म्हटलं, ‘धावरा’ म्हटलं नाही. धावण्यात तोंड कशाकडे तरी असतं, पळण्यात पाठ. मूल अंगणात नुसतं पळतं तेव्हा हा भेद सैल पडतो, पण जरा ताण आला की लगेच उभा राहतो. आणि ‘धावपळ’ या जोडशब्दात दोन्ही दिशा एकत्र बांधल्या आहेत. लग्नघरातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

‘रन’चं सगळ्यांत मोठं काम मात्र मराठीत या दोघांपैकी कोणाकडेच नाही. ते ‘चालणे’कडे आहे. इंग्रजाचं यंत्र पळतं, आपलं चालतं. दुकान चालतं, शाळा चालते, नाटक चालतं, खटला चालतो, नाणं चालतं, त्या पगारावर पोट चालतं. माणूस संस्था चालवतो, आणि हल्ली वाहिनीवाले बातमीसुद्धा ‘चालवतात’. चहा थोडा गार असला तरी चालतो. यात आळशीपणा शोधायचं कारण नाही. फ्रेंच माणसाचं यंत्रही ‘मार्शे’, म्हणजे चालतंच. जर्मनांचं इंजिन पळतं. कुठल्या भाषेने कुठलं क्रियापद या कामावर लावलं हा योगायोग आहे, पण एकदा लावलं की सगळी शेजारची कामं त्याच्याच गळ्यात पडतात. आमच्याकडे ‘चालू’ची कथा तर अशी, की खातं चालू, दिवा चालू, वर्ष चालू आणि समोरचा माणूस चालू, यातल्या शेवटच्यापासून सावध राहावं लागतं. अपवाद रेल्वेचा. ती मराठीत पहिल्यापासून ‘धावते’. गाडी कल्याणच्या अलीकडे सिग्नलला ठप्प उभी असते आणि फलाटावर घोषणा होते की ती वीस मिनिटं उशिराने धावत आहे.

दुसऱ्या भाषेत जाताना शब्द आपला सगळा संसार घेऊन जात नाही, एखादी पिशवी घेऊन जातो. ‘रन’ मराठीत आला तो असाच. मैदानावरचा रन, संगणकावर ‘रन कर’, सकाळचं रनिंग. लोकलमध्ये ‘रनिंगमध्ये’ चढणारे असतात. सुतार आणि कुंपणवाला दर सांगतात तो ‘रनिंग फुटा’चा. जुनी मोटारसायकल विकणारा जाहिरातीत ‘रनिंग कंडिशन’ लिहितो, आणि गाडी ढकलत आणून दाखवतो. ६४५मधले सहा-सात अर्थ आपण घेतले, ज्यांची जागा रिकामी होती तेवढेच. आपलं नाक आपण गळू दिलं, त्याला ‘रन’ची गरज पडली नाही. बँकेवर ‘रन’ येतो त्याला आपल्याकडे ठेवीदारांची झुंबड म्हणतात. इंग्लंडमध्ये सप्टेंबर २००७मध्ये नॉर्दर्न रॉक बँकेबाहेर रांगा लागल्या, १८६६ नंतर तिथे असं पहिल्यांदाच घडत होतं. तेव्हा एका अर्थविषयक पानासाठी आलेल्या कच्च्या अनुवादात ‘बँकेवरील धाव’ असं होतं. मी ते बदललं. आता वाटतं, ‘बँकेकडे धाव’ असतं तर कदाचित चाललं असतं. लोक धावतच गेले होते.

मग वाचणाऱ्याला योग्य अर्थ कळतो कसा? याचं उत्तर भर्तृहरीने पाचव्या शतकाच्या आसपास वाक्यपदीयात देऊन ठेवलं आहे. संयोग, विप्रयोग, साहचर्य, विरोध, प्रकरण, औचित्य, देश, काल अशी चौदा साधनं त्याने मोजली. जेवताना सैंधव मागितलं तर मीठ आणायचं, प्रवासाला निघताना मागितलं तर घोडा, हे आपल्याकडच्या पंडितांचं ठरलेलं उदाहरण. विसाव्या शतकात जे. आर. फर्थ यांनी, शब्दाची ओळख त्याच्या सोबत्यांवरून होते, हा विचार इंग्रजीत लोकप्रिय केला. फर्थ तरुणपणी लाहोरला, पंजाब विद्यापीठात, इंग्रजी शिकवत होते. तिथे त्यांच्या कानावर काय पडलं असेल याचा अंदाज करायचा मोह होतो, पण तो आवरतो.

यंत्राला हे सोबती ओळखता येत नाहीत, म्हणून यांत्रिक अनुवाद पूर्णत्वाला जाणार नाही, असं येहोशुआ बार-हिलेल यांनी १९६० साली ठासून सांगितलं. त्यांचं उदाहरण ‘पेन’चं होतं. लहान मुलाची खेळण्यांची पेटी ‘पेन’मध्ये सापडली असं वाक्य आलं, तर इथे पेन म्हणजे लेखणी नव्हे, मुलाला खेळायला ठेवतात ते छोटं कुंपण. पेटी लेखणीत मावत नाही हे यंत्राला कोण सांगणार? पुढे मुंबईच्या आयआयटीत पुष्पक भट्टाचार्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिंदीबरोबर मराठीचंही वर्डनेट बांधलं, अर्थ आणि त्यांची नाती हातांनी नोंदवून. २०१७ साली गूगलने मराठीसाठी नव्या पद्धतीचं, वाक्य सबंध वाचणारं यंत्र आणलं आणि सोबती ओळखण्यात ते पुष्कळ सुधारलं. लांब परिच्छेदात ‘रन’चा अर्थ आता यंत्र बहुधा बरोबर लावतं. चुकतं ते टॉवेलवर, कारण तिथे तीनच शब्द असतात आणि सोबत कोणीच नसतं.

इतका वेळ इंग्रजीचं घर पाहिलं. आपल्या घरात ‘लागणे’ आहे. भूक लागते, ठेच लागते, आंबा आंबट लागतो, कलम लागतं (झाडाचं आणि कायद्याचंही), नोकरी लागते, निकाल लागतो, लग्न लागतं आणि सुतकही लागतं. पुण्याहून निघालं की वाटेत सासवड लागतं. तो माझा मामा लागतो. दोन तास लागतात. मूल रडू लागतं आणि आपल्याला उठावं लागतं. डोळा लागला म्हणजे झोप आली, डोळे लागले म्हणजे झोप गेली. एसटी स्टँडवर ‘गाडी लागली’ म्हणजे फलाटाला आली. घाटात तेच वाक्य कोणी म्हणालं तर खिडकीची जागा द्यावी. हे इंग्रजीत न्यायचं झालं तर दर खेपेला नवा शब्द शोधावा लागेल. तिकडचा अनुवादक आपल्या ‘लागणे’पुढे तसाच बसत असेल, जसा मी ‘रन’पुढे बसतो.

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ची आवृत्ती साठ हजार शब्दांची. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२पासून सात खंडांत निघाला. दोन्हींत ‘लागणे’ आहे आणि चांगला विस्ताराने आहे. पण मोल्सवर्थच्या काळी फोन लागत नव्हता, रेंज लागत नव्हती, की ‘वाट लागली’ हे आजच्या ढंगात कोणी म्हणत नव्हतं. एका क्रियापदावर नऊ महिने बसायला माणूस आणि त्याचा पगार लागतो. पण ऑक्सफर्ड कोशाची सुरुवात पगारी माणसांनी झाली नव्हती. त्याचे संपादक जेम्स मरे यांनी १८७९ साली जगभरच्या इंग्रजी वाचकांना एक पत्रक काढून विनंती केली : वाचताना शब्द दिसला की वाक्य उतरवून घ्या आणि पाठवा. चिठ्ठ्या इतक्या आल्या की पुढे ऑक्सफर्डमध्ये त्यांच्या घरासमोर टपाल खात्याने लाल पेटी उभी केली.

तेवढंच आपल्यालाही करता येईल. एक वही घ्या, वर ‘लागणे’ लिहा. घरात, शेतात, बाजारात, लोकलमध्ये हे क्रियापद कानावर पडलं की पूर्ण वाक्य उतरवा, सोबत गाव आणि तारीख. कोकणातलं वेगळं असेल, वऱ्हाडातलं वेगळं, बेळगावचं आणखी वेगळं. पन्नास वाक्यं झाली की एखाद्या मराठी विभागाला किंवा कोशमंडळाला ती वही नेऊन द्या.